लाल डब्यातली हवा

इंग्लंडमधल्या घरांच्या बाहेरच्या भिंतीतून तांब्याची एक बोटभर जाडीची नळी डोकावत असते. तिचं तोंड पुन्हा भिंतीकडे वळवलेलं असतं, म्हणजे आतून कढत पाणी उसळलंच तर ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर उडू नये. ही नळी कोरडी असली पाहिजे. मी ज्या घराबद्दल लिहितो आहे, ते रेडिंगमध्ये आहे. तिथे नळीखालच्या विटांवर खडूसारखा पांढरा ओघळ उतरला होता. टेम्सच्या खोऱ्यातलं पाणी जड. ते जिथे ठिबकतं तिथे क्षार मागे ठेवून जातं.

त्या ओघळावरून घरात वाद पेटला. बोलणारे दोघे नात्याने दीर-भावजय. ती बरीच वर्षं तिथे स्थायिक, हिशेब तपासण्याच्या कामात. तो पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला. बॉयलर हाउस, कॉम्प्रेसर, पाण्याचे पंप यांतच त्याची नोकरी गेली. दोघे एकमेकांना ज्या नावाने हाक मारतात, तीच नावं इथे ठेवली आहेत. मी ऐकत होतो आणि जिथे मला काही म्हणायचं आहे तिथे मध्ये बोललो आहे.

वहिनी : भाऊजी, यात एवढं काय आहे? बॉयलरजवळच्या दाबाच्या गेजची सुई सकाळी 0.4 बारवर येते. दर पंधरवड्याला मी पाणी भरायची ती चंदेरी जाळीची नळी उघडते, सुई 1.2 वर आली की बंद करते. दोन मिनिटांचं काम. घर गरम होतं, नळाला गरम पाणी येतं. दरवर्षी माणूस येऊन सर्व्हिस करून जातो, त्याचे पैसे भरतो आपण.

भाऊजी : आणि रात्री हीटिंग चालू झालं की सुई कुठे जाते?

वहिनी : तीनच्या लाल रेषेला लागते. मग बाहेर थोडं ठिबकतं. त्यासाठीच तर तो व्हॉल्व्ह आहे ना?

भाऊजी : नाही, त्यासाठी तो नाही. तीन बारचा सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे रेल्वेतली साखळी. ती आहे म्हणून आपण निर्धास्त बसतो, पण रोज ओढून गाडी थांबवायची नसते. रोजचं काम दुसऱ्याचं आहे. तुमच्या त्या कपाटातल्या लाल डब्याचं.

कपाट वरच्या मजल्यावर. इंग्लंडमध्ये टॉवेल-चादरी सुकवायला जी उबदार जागा असते, तीच. त्यात गरम पाण्याचा 210 लिटरचा उंच सिलिंडर आणि त्याच्या अंगाला दोन डबे : एक लाल, एक पांढरा. तिथे रंगांचा संकेत बहुतेक पाळतात. लाल डबा रेडिएटरमध्ये फिरणाऱ्या पाण्यासाठी, पांढरा नळाला येणाऱ्या पाण्यासाठी. दोन्हींना एक्स्पान्शन व्हेसल म्हणतात. पोलादी कवच, आत मधोमध रबरी पडदा, पडद्याच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला ठरावीक दाबाने भरलेली हवा किंवा नायट्रोजन. हवेच्या बाजूला प्लॅस्टिकचं टोपण आणि त्याखाली मोटारीच्या चाकाला असतो तोच व्हॉल्व्ह. लाल डब्यावरचं टोपण तिथे बसवल्यापासून कोणी उघडलं नसावं. त्यावर धुळीचा जाड थर होता.

भाऊजी : पाणी 10 अंशांवरून 70 अंशांपर्यंत तापलं की साधारण सव्वादोन टक्के फुगतं. तुमच्या पाइपांत, रेडिएटरांत, बॉयलरमध्ये मिळून 100 लिटर पाणी धरू. म्हणजे रोज संध्याकाळी सव्वादोन लिटर पाणी जास्तीचं तयार होतं आणि पहाटे नाहीसं होतं. ते मधल्या वेळात राहणार कुठे? सगळी वाट बंद. पाणी दाबून मावत नाही, हवा दाबून मावते. म्हणून हा डबा. पाणी फुगलं की पडद्याला ढकलून डब्यात शिरतं, निवलं की हवा त्याला परत पाठवते.

वहिनी : मग डबा आहेच की तिथे.

भाऊजी : डबा आहे, हवा नाही.

हे वाक्य त्याने डब्याला हातही न लावता म्हटलं. केवळ सुईच्या येरझाऱ्यांवरून. सकाळी तळाला आणि रात्री लाल रेषेला, अशी सुई हलायला लागली की हवा गेली असं समजायचं. रोग ओळखायची इतकी सोपी खूण घरातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्रात क्वचितच असेल. ती रोज डोळ्यांसमोर असते. तिचा अर्थ घरमालकाला कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वहिनी : मला तुमचं एक पटत नाही. आधीच्या घरात माळ्यावर छोटी टाकी होती. पाणी तापलं, फुगलं, की वर टाकीत चढायचं. निवलं की खाली. पडदा नाही, हवा नाही, बार नाहीत. ते काढून हे बसवलं. हवा भरत राहावी लागते अशी गोष्ट घरात आणायचीच कशाला?

तिचा हा प्रश्न पोरकट नाही. ब्रिटनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या घरं याच पद्धतीवर चालली. मेन लाइनच्या दाबावर चालणारे बंद सिलिंडर तिथे सर्रास बसवायला परवानगी मिळाली तीच 1980च्या दशकाच्या मध्यावर, सुरक्षेच्या अटी घालून. तोवर माळ्यावरची उघडी टाकी हाच कायदेशीर आणि शहाणपणाचा मार्ग मानला जाई.

भाऊजी : माळ्यावरच्या टाकीखाली शॉवर कसा यायचा, आठवतं? बोटभर धार. शिवाय टाकी उघडी, म्हणजे पाण्याला कायम ताजी हवा. हवेतला ऑक्सिजन पाण्यात, पाणी लोखंडी रेडिएटरमध्ये, मग गंज. कडाक्याच्या थंडीत माळ्यावरचे पाइप गोठायचे ते वेगळंच. बंद पद्धतीत तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं. एकदा त्यातला ऑक्सिजन संपला की गंज जवळजवळ थांबतो. तुम्ही दर पंधरवड्याला नवीन पाणी भरता, म्हणजे बंद पद्धत घेऊन तिला पुन्हा उघडी करता. दोन्हीकडचे तोटे, फायदा एकाचाही नाही.

वहिनी : आपल्या पुण्याच्या घरी कुठे आहे असला डबा? गिझर चालतोच ना तिथे.

भाऊजी : तिथे गच्चीवरची टाकी आहे. 15 लिटरचा गिझर 20 वरून 60 अंशांवर गेला की पाव लिटरच्या आतबाहेर पाणी वाढतं. ते ज्या पाइपने खाली आलं त्याच पाइपने मागे सरकतं, टाकी उघडीच आहे. पण आता नव्या फ्लॅटमध्ये शॉवर जोरात हवा म्हणून प्रेशर पंप बसवतात आणि पंपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. पाण्याची मागे जायची वाट बंद. मग गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकायला लागतो, बाथरूम ओलं राहतं म्हणून घरातले वैतागतात, आणि एखादा प्लंबर त्याच्या तोंडाला बूच ठोकून जातो. मी पाहिलंय हे.

वहिनी : बूच ठोकलं तर काय होईल?

भाऊजी : एरवी काही नाही. ज्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटेल त्या दिवशी सगळं होईल.

इथे मला एक घटना सांगणं भाग आहे. 19 जानेवारी 1982 रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, स्पेन्सर गावातल्या स्टार एलिमेंटरी स्कूलमध्ये पाणी तापवण्याच्या टाकीचा स्फोट झाला. सहा मुलं आणि एक शिक्षिका गेली. तापमान आवरणारी यंत्रणा निकामी झाली होती आणि शेवटचा आधार असलेला सेफ्टी व्हॉल्व्हही कामी आला नाही. बंद टाकीत पाणी 100 अंशांच्या वर तापलं तरी दाबामुळे पाणीच राहतं. कवच फाटलं की दाब एका क्षणात जातो, आणि त्या पाण्यातला काही भाग तिथल्या तिथे वाफ होऊन कित्येक पटींनी पसरतो. एक्स्पान्शन व्हेसल हा अशा स्फोटावरचा उपाय नव्हे, हे स्पष्ट असावं. तो उपाय व्हॉल्व्हचा. पण व्हेसल कामातून गेलं की व्हॉल्व्ह वारंवार उघडतो, त्याच्या बैठकीवर क्षार आणि गाळ बसतो, तो नीट मिटेनासा होतो, आणि मग कोणाला तरी त्याला बूच मारायची बुद्धी होते. माझी काळजी या साखळीतल्या शेवटच्या कडीची आहे.

वहिनी : बरं. मग डब्याचं काय ते एकदा दाखवा.

भाऊजींनी हीटिंग बंद केलं, रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत थांबले. लाल डब्याच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराने टकटक केली, मग खालच्या. हवा असलेला भाग पोकळ वाजतो, पाणी असलेला भाग बद्द. डबा निम्म्याहून वरपर्यंत बद्द वाजत होता. मग टोपण काढून त्यांनी चाकाची हवा मोजायचं गेज व्हॉल्व्हवर दाबलं. काटा 1.2 वर.

वहिनी : हे बघा. हवा आहे की.

भाऊजी : थांबा. पडद्यापलीकडचं पाणी 1.2 बारने रेटतंय, म्हणून अलीकडे 1.2 दिसतंय. हा हवेचा आकडा नव्हे, पाण्याचा आहे. सर्व्हिसला येणाऱ्यानेही असंच मोजलं असेल तर त्याला सगळं छान दिसलं असणार.

त्यांनी खालच्या मजल्यावरच्या ड्रेन कॉकला नळी लावून ती बाहेरच्या मोरीत सोडली आणि कॉक उघडला. बॉयलरजवळची सुई शून्यावर आली. कॉक उघडाच ठेवून ते पुन्हा वर गेले, गेज लावलं. काटा हललाच नाही. व्हॉल्व्हची पिन नखाने किंचित दाबली. फुस्स झालं नाही, पण पाणीही आलं नाही. पाणी आलं असतं तर पडदा फाटला असं समजून डबाच बदलावा लागला असता. हा पडदा शाबूत होता, पलीकडची हवा तेवढी निघून गेली होती.

या डब्यावर छापलेला हवेचा दाब 1 बार. भाऊजी पायपंपाने सावकाश हवा भरू लागले तसं खाली नळीतून पाणी पुन्हा वाहायला लागलं. डब्यात अडकून बसलेलं पाणी पडदा मागे ढकलत होता. वहिनी खाली उभ्या राहून ते पाहत होत्या. एरवी आकड्यांवर विश्वास ठेवणारी ही बाई, पण माझ्या मते तिला खरं पटलं ते इथे, मोरीत पडणारं काळपट पाणी पाहून.

वहिनी : हे एवढं काळं का?

भाऊजी : तुमच्या रेडिएटरचं लोखंड आहे ते. दर खेपेला नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आला, त्याने थोडं थोडं खाल्लं. गंज लागू नये म्हणून पाण्यात जे रसायन घालतात, तेही दर खेपेला पातळ झालं. आणि एक गोष्ट ऐका. तुम्ही पाणी भरत होता म्हणून बाहेर ओघळ येत होता.

वहिनी : ओघळ येत होता म्हणून मी भरत होते!

भाऊजी : तुम्हाला तसं वाटणारच. हिशेब बघा. हा 8 लिटरचा डबा. हवा 1 बारवर असेल तर पाण्याचा दाब 1.2 वरून 2.8 वर जाईपर्यंत तो 3 लिटर पाणी पोटात घेतो. आपल्याला सव्वादोन लागतं, काम भागतं. भरलेला दाब सगळा गेला आणि डब्यात नुसती बाहेरच्याइतकी हवा उरली, तर तोच डबा दीड लिटर घेतो. तुमच्याकडे त्याहूनही कमी उरली होती, जेमतेम एक लिटर मावत असणार. मग तुम्ही सुई 1.2 वर नेली की त्याच संध्याकाळी वरचं सव्वा लिटर बाहेर. सकाळी सुई पुन्हा 0.4 वर. तुम्ही नसतं भरलं तर ती तिथेच टिकली असती, ओघळही थांबला असता. फक्त एवढ्या कमी दाबावर वरच्या रेडिएटरमध्ये हवा साचते, आणि पुष्कळ बॉयलर तर दाब पडला की पेटतच नाहीत.

वहिनींनी तो हिशेब कागदावर मांडून पाहिला. त्यात चूक सापडली नाही, तेव्हा त्यांनी दुसरी बाजू धरली, आणि ती मला अधिक भक्कम वाटली.

वहिनी : समजा हवा गेली. ती रबरातून हळूहळू झिरपतेच, म्हणजे हा बिघाड नाही, स्वभाव आहे. मग तुम्ही आत्ता केलं तसं दरवर्षी सगळं रिकामं करून मोजण्यापेक्षा चालू द्यावं आणि सुई नाचायला लागली की डबा बदलावा. ओळखीच्या एकांची चार घरं भाड्याने आहेत, ते तेच करतात. दरवर्षी ड्रेन करायचं म्हणजे त्यातलं रसायन जायचं, नवीन पाणी यायचं. तुम्हीच आत्ता म्हणालात नवीन पाणी वाईट. शिवाय जुना व्हॉल्व्ह एकदा उघडला की पुन्हा नीट बसत नाही, हेही मी ऐकलंय.

भाऊजी : व्हॉल्व्हचं खरं आहे. म्हणून तर मी सेफ्टी व्हॉल्व्ह फिरवून दाब उतरवला नाही, ड्रेन कॉकने उतरवला. आणि सगळं रिकामं करायचं नसतं. सुई शून्यावर येण्यापुरतं पाणी काढायचं, डबा ठीक असेल तर ते जेमतेम लिटरभर असतं. वर्षातून लिटरभर नवीन पाणी आणि पंधरवड्याला सव्वा लिटर, यातला फरक हिशेब तपासणाऱ्याला मी काय सांगू.

वहिनी : पण नाचणारी सुई दिसली की बदलायचा, यात तोटा काय?

भाऊजी : सुई दिसते तुम्हाला. भाडेकरू बघतो का? तो तुमच्यासारखंच पाणी भरत राहतो. डबा बदलायची वेळ येते तोवर पंप गाळाने जाम झालेला असतो.

या मुद्द्यावर दोघे एकमेकांना पटवू शकले नाहीत. माझं मत भाऊजींकडे झुकतं, पण त्यांच्या कारणाने नव्हे. रबरातून हवा झिरपणं हा डब्याचा स्वभाव आहे, हे वहिनींचंच वाक्य मी त्यांच्याविरुद्ध वापरीन. जी गोष्ट बिघाड म्हणून नव्हे तर ठरल्याप्रमाणे घडते, तिची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. ती कॅलेंडरवर टाकता येते.

वहिनींचा खरा राग मात्र सर्व्हिसवाल्यावर निघाला, आणि तो रास्त होता. वर्षानुवर्षं पैसे घेऊन येणाऱ्याने लाल डब्याचं टोपण एकदाही काढलं नसावं, याला धुळीची साक्ष होती. कमी वेळात जास्त घरं उरकायची तर दाब उतरवून, थांबून, मोजून, पुन्हा भरण्याचं काम गळतं. बॉयलरचं झाकण उघडून ज्वलन तपासलं की कागदावर सही होते.

वहिनी : म्हणजे पुढच्या वेळी मी काय विचारू?

भाऊजी : एवढंच विचारा : पाण्याचा दाब शून्यावर आणून डब्यातली हवा किती भरली ते मोजलं का, आणि तो आकडा सर्व्हिसच्या वहीत लिहिणार का. ज्याने मोजलंय तो लगेच लिहील.

वहिनी : आणि तो पांढरा डबा? त्यालाही तुम्ही आत्ताच पंप लावणार असाल तर मी लावू देणार नाही.

भाऊजी : का? व्हॉल्व्ह तर तोच आहे.

वहिनी : व्हॉल्व्ह तोच, सिलिंडर वेगळा. तो मेन लाइनच्या दाबावर चालतो. 15 लिटरच्या वरचा असा सिलिंडर इथे प्रशिक्षित माणसानेच बसवायचा असतो, हे घर घेताना कागदपत्रांत मी वाचलंय. गॅसच्या बॉयलरचं झाकण गॅस सेफच्या यादीतल्या माणसाशिवाय उघडायचं नाही, तसंच याचंही. विमावाल्याने उद्या विचारलं तर "माझे दीर कारखान्यात होते" असं सांगू?

भाऊजींना हे आवडलं नाही. त्यांच्या मते हवा मोजणं आणि व्हॉल्व्हशी खेळणं यांत फरक आहे, आणि तो फरक ज्याला कळतो त्याला अडवू नये. त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तरी मी इथे वहिनींच्या बाजूने आहे. पांढऱ्या डब्यात हवा 3 बारच्या आसपास असते, मेन लाइनचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह जितक्यावर लावला असेल तितकी. तो आकडा जुळला नाही तर डबा आधीच पाण्याने भरून बसतो किंवा पाणी आतच घेत नाही. तिथे 210 लिटर पाणी 10 वरून 60 अंशांवर जाताना साडेतीन लिटर वाढतं. ते डब्याने घेतलं नाही की दाब चढत 6 बारला जातो, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी उघड्या नरसाळ्यासारख्या जोडातून खाली जातं. तो जोड मुद्दाम नजरेला पडेल असा ठेवलेला असतो. तिथे पाणी दिसलं तर ते फुगण्याचं आहे की तापमानाचं नियंत्रण सुटल्याचं, हे ओळखायला शिकलेला माणूस हवा. धार कढत आणि न थांबणारी असेल तर आधी तापवणं बंद करायचं, मग फोन. सिलिंडरचं पाणी 60 अंशांवर ठेवायचं ते लिजिओनेला जंतू वाढू नयेत म्हणून, तेव्हा व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून थर्मोस्टॅट 45 वर आणून ठेवणं हाही उपाय नव्हे.

भाऊजींनी पांढऱ्या डब्याला नुसती टकटक करून पाहिली. वर पोकळ, खाली बद्द. नरसाळं कोरडं होतं. त्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं.

मग ड्रेन कॉक बंद केला, सुई 1.2 वर आणली, रेडिएटरमधली हवा काढली, तेवढ्याने दाब उतरला म्हणून पुन्हा थोडं पाणी घातलं. संध्याकाळी हीटिंग चालू झालं. सुई दोनच्या वर जाऊन अडीचच्या खाली थांबली. चंदेरी नळी भाऊजींनी दोन्ही टोकांना सोडवून, तोंडांना टोपणं लावून ठेवून दिली. ती कायम जोडलेली ठेवायचीच नसते, पण बहुतेक घरांत ती तशीच असते आणि हाताशी असते म्हणूनच वापरली जाते.

वहिनी : आणि पुन्हा सुई नाचायला लागली तर?

भाऊजी : वर्ष-दीड वर्षाने लागली तर पुन्हा हवा भरा. दोन-तीन महिन्यांतच लागली तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बघा. बुडबुडे आले तर आतली पिन बदला. नाही आले तर पडदा गेला, डबा बदला.

वहिनी : म्हणजे शेवटी बदलायचाच.

भाऊजी : शेवटी बदलायचाच. पण पंप, व्हॉल्व्ह आणि रेडिएटर त्याच्याबरोबर बदलायला लागू नयेत.

वहिनींनी मोबाइलमध्ये पुढच्या ऑक्टोबरची आठवण लावली आणि त्यात फक्त दोन आकडे लिहिले : लाल 1, पांढरा 3. पांढऱ्यापुढे त्यांनी माणसाला बोलवायचं असंही लिहिलं. भाऊजींना त्यांनी तेवढा भाग मुद्दाम दाखवला.